कॉइलचा रोध स्थिर राहत नाही, नवी कॉइल दोन दिवसांत करपते : दोष नेमका कुठे शोधावा?

धागाकर्ता

नमस्कार. सिगारेट सोडताना मी व्हेपकडे, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ देणाऱ्या उपकरणाकडे वळलो आणि गेली दोन वर्षे एकच उपकरण वापरत आहे. वॉट कमीजास्त करता येणारा, एका १८६५० मापाच्या गोल लिथियम-आयन सेलवर चालणारा हा मॉड, म्हणजे सेल आणि सर्किट असलेला भाग आहे आणि त्यावर बदलत्या कॉइलची (लिक्विड तापवणाऱ्या भागाची) टाकी बसवलेली आहे. कॉइल जाळीची असून तिच्यावर ०.४ ओहम आणि ४० ते ५० वॉट असे कोरलेले आहे. बराच काळ हे उपकरण विनातक्रार चालले. गेल्या दोन महिन्यांत मात्र एकामागून एक चार तक्रारी सुरू झाल्या. त्या एकमेकींशी निगडित आहेत की स्वतंत्र आहेत हे मला ठरवता येत नाही, म्हणून त्या येथे सविस्तर मांडतो.

पहिली तक्रार अशी की पडद्यावर दिसणारा कॉइलचा रोध (रेझिस्टन्स) स्थिर राहत नाही. सकाळी ०.४१ दिसतो, दुपारी ०.५५ होतो, तर कधी ०.६३ पर्यंत जातो, आणि अधूनमधून ‘चेक अ‍ॅटमायझर’ असा संदेश येऊन उपकरण पेटतच नाही. टाकी काढून पुन्हा घट्ट पिळून बसवली की काही तास बरे जातात. दुसरी तक्रार वाफेची आहे. वाफ कमी येऊ लागली म्हणून मी वॉट वाढवत गेलो आणि सध्या ६० वर ठेवले आहेत, तरी बहुतेक झुरके मिळमिळीतच असतात. मध्येच एखादा झुरका मात्र घसा सोलून काढेल इतका करपट येतो. नवी कॉइल दोन दिवसांत काळी पडते, जी पूर्वी दोन आठवडे पुरत असे. तिसरी तक्रार, रात्री उपकरण टेबलावर सरळ उभे ठेवले तरी सकाळी हवेच्या छिद्रातून लिक्विड गळलेले असते. आणि चौथी, सेल पूर्ण भरलेला असूनही अर्ध्या दिवसात बॅटरी संपत आल्याचा इशारा येतो.

तीन कॉइल बदलून झाल्या, लिक्विड बदलून झाले. टाकी ज्यांच्याकडून घेतली होती त्यांनी ती हातात न घेताच मॉड नवा घ्यावा असे सांगितले. उपकरण टाकून देण्याआधी दोष समजून घ्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

रोधमापक

आपण आकडे लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण त्यांच्यावरूनच मला वाटते की आपल्या पहिल्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत, आणि मॉड बहुधा निर्दोष आहे.

कॉइल म्हणजे धातूची जाळी किंवा तार. ती थंड असताना तिचा रोध जवळपास कायम असतो, सकाळी ०.४ ओहमची असलेली कॉइल दुपारी ०.६३ ची होऊ शकत नाही. पडद्यावर जो आकडा दिसतो तो एकट्या कॉइलचा नसतो. कॉइलचे बूड, टाकीची पिन (तळाच्या मधोमध असलेला विजेचा संपर्क), मॉडची पिन आणि त्यांच्यामधले सर्व सांधे मिळून जो रोध होतो, तो मॉड मोजतो. म्हणजे वरचे ०.२३ ओहम कुठल्या तरी सांध्यात बसलेले आहेत. झिरपलेल्या लिक्विडचा थर पिनेवर सुकून चिकटला, पिनेचा मुलामा काळवंडला किंवा पिन खाली दबून अर्धवट टेकू लागली, की असा रोध तयार होतो. टाकी पुन्हा पिळल्यावर काही तास बरे जातात याचे कारणही हेच आहे, कारण पिळताना धातूवर धातू घासला जातो आणि तेवढ्यापुरता सांधा स्वच्छ होतो.

आता याचा वाफेशी संबंध पाहा. मॉड ४५ वॉटवर आहे असे धरा. सांधा कोणता आणि कॉइल कोणती हे मॉडला कळत नाही, त्याला ०.६३ ओहमचा एकच सलग रोध दिसतो. त्यात ४५ वॉट घालण्यासाठी तो सुमारे ५.३ व्होल्ट लावतो आणि साधारण ८.४५ अँपिअर धारा वाहते. धारेचा वर्ग गुणिले रोध म्हणजे शक्ती, या हिशेबाने ०.४ ओहमच्या कॉइलच्या वाट्याला सुमारे २८.६ वॉट येतात आणि उरलेले १६.४ वॉट सांधा तापवण्यात जातात. पडद्यावर ४५ लिहिलेले असते आणि मॉडच्या दृष्टीने ते खरेही असते. कॉइलला मात्र तिच्या किमान मर्यादेइतकेही मिळत नाहीत, म्हणून वाफ मिळमिळीत.

आपण यावर उपाय म्हणून वॉट ६० केले. सांधा खराब असेपर्यंत त्यातले कॉइलला ३८ च मिळत होते, म्हणून ते आपल्याला खटकले नाहीत. पण उपकरण हातात जरा फिरले, पिन क्षणभर नीट टेकली आणि रोध ०.४१ वर आला, की तेच ६० वॉट जवळपास पूर्णपणे कॉइलवर पडतात. तिची कमाल मर्यादा ५० आहे. कापसातून लिक्विड त्या वेगाने वर येत नाही, कापूस उघडा पडतो आणि जळतो. आपला करपट झुरका तो हाच. एकदा जळालेला कापूस पुढच्या प्रत्येक झुरक्याला तीच चव देतो, म्हणून कॉइल दोन दिवसांत गेली असे वाटते.

सर्वप्रथम एक गोष्ट तपासून सांगा : सलग पाच-सहा झुरके घेतल्यावर टाकीचा तळ आणि मॉडचा वरचा आटे असलेला भाग हाताला गरम लागतो का? थोडी ऊब नेहमीचीच असते, पण बोट ठेवता येत नसेल तर वरचा हिशेब बरोबर आहे असे समजा. आणि तोपर्यंत वॉट ४० वर आणून ठेवा.

जुनी वात

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात कापसाच्या बाजूने थोडी भर घालतो.

कॉइलमधला कापूस दिव्याच्या वातीसारखेच काम करतो. केशाकर्षणाने लिक्विड वर खेचले जाते, धातूला लागून असलेले लिक्विड वाफ होऊन जाते आणि त्या जागी मागचे येते. वात ओली असेपर्यंत धातूचे तापमान लिक्विडच्या उत्कलनबिंदूच्या आसपास रोखले जाते, कारण उष्णता वाफ करण्यात खर्च होते. लिक्विडच्या मुख्य दोन घटकांपैकी प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला आणि ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना उकळते. मिश्रणाचा बिंदू या दोहोंच्या मधे असतो. वात कोरडी पडली की ही मर्यादा उरत नाही, धातू झपाट्याने तापतो, कापूस कोळपतो आणि उरलेसुरले ग्लायकॉल-ग्लिसरीन विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन हे घातक पदार्थ अधिक प्रमाणात तयार होतात. त्यामुळे करपट झुरका ही केवळ चवीची तक्रार समजू नये. तसा एक झुरका आला की कॉइल बदलावी. उरलेली टाकी संपवून मग बदलू, असा विचार करू नये. काटकसर म्हणून तसे करणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

नवी कॉइल बसवण्यापूर्वी तिच्या बाजूच्या छिद्रांत दिसणाऱ्या कापसावर लिक्विडचे तीन-चार थेंब सोडावेत, मधल्या पोकळीतून एक-दोन थेंब जाळीच्या आतल्या बाजूला लागू द्यावेत आणि टाकी भरल्यावर दहा मिनिटे हात लावू नये. लिक्विड दाट असेल तर पंधरा मिनिटे थांबावे. त्यानंतर पहिले दहा-बारा झुरके कॉइलवर कोरलेल्या किमान वॉटपेक्षाही थोडे खाली घ्यावेत आणि मग हळूहळू वर जावे. सलग झुरके घेण्याची सवय असेल तर दोन झुरक्यांमध्ये कापसाला भिजायला वेळ द्यावा.

दोन प्रश्न आहेत. लिक्विडमध्ये ग्लिसरीन आणि ग्लायकॉल यांचे प्रमाण काय आहे? आणि ते फार गोड आहे का? सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा घातलेले लिक्विड कॉइलवर काळा, काचेसारखा थर चढवते, आणि तो थर चांगल्या कॉइललाही काही दिवसांत निकामी करतो.

धागाकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. तपासून लिहितो.

सहा झुरक्यांनंतर टाकीचा तळ चांगलाच तापला, बोट दोन-तीन क्षणांपेक्षा जास्त ठेवता आले नाही. लिक्विड पूर्वी ७० टक्के ग्लिसरीनचे होते; दोन महिन्यांपूर्वी ते मिळेना म्हणून ५०-५० प्रमाणाचे घेतले आणि अजून तेच वापरतो. ते गोड आहे, पण फार नाही.

सेल काढून पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या धन टोकाजवळ आवरण नखाएवढे फाटलेले आहे आणि आतला धातू दिसतो. सेलवर २० अँपिअर असे छापलेले आहे. तो उपकरणासोबतच घेतला होता, म्हणजे दोन वर्षांचा आहे. हे महत्त्वाचे आहे का, की आधी पिन साफ करू?

सेलरक्षक

कृपया तो सेल उपकरणात पुन्हा घालू नका. पिनेचे काम उद्या केले तरी चालेल, हे आज करायचे आहे.

अनेकांचा असा समज असतो की सेलचे खालचे टोक ऋण आणि वरचे टोक धन, आणि मधला नळा म्हणजे नुसते वेष्टन. वास्तविक लिथियम-आयन गोल सेलचा संपूर्ण धातूचा डबाच ऋण असतो. तो बाजूंनी वर येऊन धन टोपीच्या कडेपर्यंत वळवलेला असतो. टोपी आणि ती वळलेली कड यांच्यामध्ये फक्त एक पातळ रोधक कडी असते आणि वरून ते पातळ प्लास्टिकचे आवरण. म्हणजे धन टोकाजवळ आवरण फाटले असेल तर धन आणि ऋण यांच्यात एक-दोन मिलिमीटरचेच अंतर उघडे पडलेले असते. मॉडमधला धन बाजूचा पत्रा जरा तिरका टेकला, सेल घालताना घासला किंवा मॉडची धातूची भिंत एकाच वेळी दोन्हींना लागली, तर सेल बाहेरूनच शॉर्ट होतो. मॉडमधली सर्व संरक्षक यंत्रणा सेलनंतरच्या सर्किटवर लक्ष ठेवते. सेलच्या तोंडाशी झालेला शॉर्ट तिला दिसतही नाही आणि थांबवताही येत नाही. अशा शॉर्टमध्ये सेल काही क्षणांत इतका तापतो की आतली रासायनिक क्रिया स्वतःच स्वतःला तापवू लागते, वायू जोराने बाहेर पडतात आणि आग लागू शकते.

फक्त आवरण फाटले असेल आणि डब्याला पोचा, गंज, गळतीचा डाग किंवा गोडसर रासायनिक वास नसेल, तर योग्य मापाचे नवे आवरण चढवून सेल वापरता येतो. जुने आवरण काढताना धारदार पाते वापरू नये, टोपीखालची रोधक कडी शाबूत आहे हे पाहावे, नसेल तर नवी बसवावी, आणि आवरण गरम हवेने आवळताना सेल तापू देऊ नये. आपल्या बाबतीत मात्र मी हे सुचवणार नाही. तो सेल दोन वर्षे रोज वापरलेला आहे आणि आपली चौथी तक्रार सांगते की तो थकलेला आहे.

ती तक्रारही आकड्यांत पाहू. वॉट नियंत्रित करणाऱ्या मॉडमध्ये सेलमधून निघणारी धारा कॉइलच्या रोधावर ठरत नाही. लावलेले वॉट भागिले सेलचे त्या क्षणीचे व्होल्टेज, आणि सर्किटमध्ये वाया जाणारी थोडी ऊर्जा, यांवर ती ठरते. सर्किटची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर ६० वॉटसाठी सेलने ६६.७ वॉट द्यायला हवेत. पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलवर हे साधारण १६ अँपिअर होतात. सेल उतरत ३.२ व्होल्टवर आला की त्याच ६० वॉटसाठी २०.८ अँपिअर लागतात, म्हणजे आपला सेल छापील मर्यादेच्या बाहेर ओढला जातो. शिवाय जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे भार पडताच त्याचे व्होल्टेज खाली बसते, मॉडला ते दिसते आणि सेलमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असतानाही इशारा येतो. वॉट ४५ वर आणलेत तर ३.२ व्होल्टलाही धारा १५.६ अँपिअरच राहते. यावरून हेही लक्षात घ्यावे की एका सेलच्या मॉडमध्ये ६० वॉट ही रोज वापरायची जागा नाही.

नवा सेल घेताना आवरणावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. त्या जागेत ९९०० मिलिअँपिअर-तास मावत नाहीत, तरी असे छापलेले सेल विकले जातात. जास्त क्षमता आणि जास्त धारा या एकमेकींच्या विरोधात जातात, आणि आपल्याला येथे २० ते २५ अँपिअर सतत देऊ शकणारा, ओळखीच्या उत्पादकाचा सेल हवा, भले त्याची क्षमता २५०० ते ३००० असो. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत कधीही ठेवू नये. त्याला प्लास्टिकची डबी असावी. जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो बॅटरी-संकलनाच्या ठिकाणीच द्यावा, घरच्या कचऱ्यात टाकू नये.

कापूसकाम

दोन सेलचा मॉड वापरणाऱ्यांसाठी यात एक भर. दोन्ही सेल एकाच प्रकारचे, एकाच दिवशी घेतलेले असावेत, ते सतत जोडीनेच वापरावेत, जोडीनेच भरावेत, आणि एक खराब झाला तर दोन्ही बदलावेत. असमान जोडीतला अशक्त सेल सर्वांत आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून धारा ढकलत राहतो, ज्याने तो धोकादायकरीत्या खोल उतरतो.

यांत्रिक मॉड, म्हणजे ज्यात कोणतेही सर्किट नसते, त्याबद्दल या धाग्यात कोणी विचारलेले नाही, तरी वाचणाऱ्यांपैकी कोणी घेण्याच्या विचारात असेल तर थांबून वाचावे. तेथे ४.२ व्होल्ट भागिले कॉइलचा रोध हीच धारा, ०.१५ ओहमची कॉइल म्हणजे २८ अँपिअर, जे बहुतेक सेलच्या आवाक्याबाहेर आहे. आणि ज्या यांत्रिक मॉडमध्ये सेलचे धन टोक थेट टाकीच्या पिनेला टेकते, त्यावर न उठलेल्या, म्हणजे आट्यांच्या पुढे न आलेल्या पिनेची टाकी बसवली तर टाकीचे आटे थेट सेलच्या टोकाला लागून शॉर्ट होतो. हाताने हिशेब करता येत नसेल, तर हे उपकरण घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रोधमापक

सेलबद्दल लिहिले गेले ते योग्यच झाले. माझ्या प्रतिसादात मी सेल तपासण्यास आधी सांगायला हवे होते. आता पिनेची साफसफाई.

सेल बाहेर काढल्याशिवाय आट्यांमध्ये काहीही घालू नये. ५१० या नावाने ओळखला जाणारा हा जोड ७ मिमी व्यासाचा आणि अर्धा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो. बाहेरचे आटे ऋण, मधली पिन धन आणि दोघांमध्ये प्लास्टिकची किंवा सिलिकोनची रोधक कडी. कानात घालतो तसली कापसाची काडी ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर करून मधली पिन पुसावी, मग आटे पुसावेत, काडी काळी येईनाशी होईपर्यंत. आट्यांत अडकलेला चिकटा लाकडी दातकोरणीने काढावा. काडीतून थेंब गळेल इतकी ती ओली असू नये, कारण तो थेंब पिनेच्या कडेने सर्किटवर उतरतो. काळपट डाग अल्कोहोलने न निघाल्यास पेन्सिलचा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवून मग पुन्हा पुसावे. सँडपेपर मुलामा काढतो, तो टाळावा. हेच सर्व टाकीच्या तळाच्या पिनेला आणि कॉइल जिथे तळात बसते त्या आतल्या सांध्यालाही करावे, कारण दोष निम्म्या वेळा तेथे असतो आणि लोक मॉडच्या पिनेवरच थांबतात. अर्धा तास सुकू देऊन मग सेल घालावा.

मॉडची पिन स्प्रिंगवर असेल तर लाकडी काडीने दाबून ती सहज वर येते का पाहा. आणि यापुढे टाकी पिळू नका. बोटांनी टेकेपर्यंत, त्यानंतर अगदी किंचित. जास्त पिळल्याने रोधक कडी चेपते, पिन आत ढकलली जाते आणि आज आपण ज्या दोषाशी झगडत आहात तो निर्माण होतो.

रोध मल्टिमीटरने मोजण्याचा सल्ला अनेक जण देतात. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, तेव्हा ०.४ च्या कॉइलवर त्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. आधी दोन टोके एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करावा.

पॉडधारक

या चर्चेत माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, तरी विचारतो. माझ्याकडे बटण नसलेले छोटे पॉड उपकरण आहे, ज्यात लिक्विड आणि कॉइल असलेली छोटी कुपी (पॉड) अडकवतात. ते कधीकधी झुरका न घेताच आपोआप पेटते आणि दिवा लागून राहतो. शिवाय ते नव्या, दोन्ही टोकांना सारखा यूएसबी-सी जोड असलेल्या केबलने भरले (चार्ज) जात नाही. जुन्या केबलने मात्र भरले जाते. उपकरण बिघडले आहे का?

रोधमापक

आपल्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. भरण्याची तक्रार हा बिघाड नसून उत्पादकाने केलेली कसर असते. दोन्ही टोकांना सी जोड असलेल्या केबलवर चार्जर तेव्हाच व्होल्टेज सोडतो, जेव्हा उपकरणातले ५.१ किलोओहमचे रोधक त्याला ‘येथे घेणारे कोणी आहे’ हे कळवतात. स्वस्त उपकरणांत हे रोधक गाळलेले असतात, त्यामुळे चार्जर गप्प राहतो. जुन्या चौकोनी जोडाच्या चार्जरवर ५ व्होल्ट कायम हजर असतात, म्हणून ते चालते. जुनीच केबल वापरत राहा, त्यात धोका काही नाही.

आपोआप पेटणे मात्र गंभीर आहे. अशा उपकरणात झुरक्याने पडणारा हवेचा दाब ओळखणारा एक छोटा संवेदक असतो. पॉडखाली साचलेले दव किंवा गळलेले लिक्विड त्याच्या छिद्रात उतरले, की तो अडकतो. पॉड काढा, उपकरण पालथे करून टिशूवर अलगद झटका, संपर्काच्या दोन्ही पिना आणि तळ कोरड्या काडीने पुसा आणि पॉड न लावता रात्रभर पालथे ठेवा. पुढे रोज पॉड काढून तळ पुसण्याची सवय ठेवा. एवढे करूनही ते पुन्हा स्वतःहून पेटले, तर ते वापरणे थांबवा. आतला सेल काढता येत नसल्यामुळे ते उशाशी किंवा बॅगेत ठेवण्यासारखे राहिलेले नाही. बॅगेवरून आठवले : विमानप्रवासात कोणतेही व्हेप उपकरण आणि सुटे सेल सोबतच्या सामानातच ठेवायचे असतात, २०१५ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ते चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई केली, आणि अशी आपोआप पेटणारी उपकरणे हेच त्याचे कारण होते.

कॉइल-धुलाई

नव्या कॉइल विकत घेण्याऐवजी मी जुन्या कॉइल गरम पाण्यात रात्रभर भिजवून, सुकवून पुन्हा वापरतो. धागाकर्त्यांनीही हे करून पाहावे.

जुनी वात

या सल्ल्याशी मी नम्रपणे असहमत आहे. गरम पाण्याने कापसात मुरलेला जुना स्वाद आणि धातूवरचा मऊ थर थोडा उतरतो, त्यामुळे चव फिकी पडलेली पण न करपलेली कॉइल काही दिवस पुढे ढकलता येते. करपलेला कापूस मात्र धुऊन पूर्ववत होत नाही. त्याचे तंतू कोळसा झालेले असतात आणि ते लिक्विड खेचत नाहीत. आणि आतून ओली राहिलेली कॉइल बसवली तर पहिले झुरके पाण्याचे शिंतोडे उडवतात.

धुण्याचा खरा उपयोग स्वतः तार गुंडाळून बांधायच्या कॉइलवर होतो. तेथे कापूस काढून टाकायचा, कॅन्थल, नायक्रोम किंवा स्टेनलेस स्टीलची तार कमी वॉटवर अगदी थोडा वेळ मंद लालसर होईपर्यंत तापवायची, गार झाल्यावर पाण्याखाली ब्रशने घासायची आणि नवा कापूस ओवायचा. निकेल आणि टायटॅनियमच्या तारेला अशी कोरडी आच कधीही देऊ नये. कापूस ओवताना तो तारेच्या वेटोळ्यातून किंचित अडत सरकावा. तार वाकत असेल तर तो जास्त झाला, आणि सहज घसरत असेल तर कमी.

धागाकर्त्यांच्या गळतीचे कारणही मला आता कळले. जाळीच्या कॉइलची छिद्रे मोठी असतात आणि ती ७० टक्के ग्लिसरीनच्या दाट लिक्विडसाठी आखलेली असतात. ५०-५० चे पातळ लिक्विड त्यातून कापसात थांबत नाही, सरळ मधल्या नळीत उतरते आणि हवेच्या छिद्रातून बाहेर येते. त्यात करपलेल्या कापसाने धरून ठेवण्याची ताकद गमावलेली. पूर्वीच्या प्रमाणावर परत जा. टाकी भरताना हवेचे छिद्र बंद ठेवा, झाकण लावून उपकरण क्षणभर उलटे करा आणि मग छिद्र उघडा, म्हणजे झाकण लावताना दबलेली हवा लिक्विडला कॉइलमधून ढकलणार नाही. टाकी अर्धी रिकामी ठेवून उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. वरची हवा प्रसरण पावते आणि लिक्विडला खाली रेटते.

गळलेले लिक्विड पुसताना हातमोजे घाला किंवा हात लगेच धुवा, कारण निकोटिन त्वचेतून शोषले जाते. लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाताला तो टिशूही लागू नये. आणि टाकीत तेल असलेले काहीही, स्वयंपाकघरातला अर्कसुद्धा, घालू नये. २०१९ साली अमेरिकेत फुफ्फुसांच्या दुखापतींची जी साथ आली, ती प्रामुख्याने व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थाशी जोडली गेली; फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले होते.

शंकाकार

स्टेनलेस स्टीलची कॉइल घेऊन तापमान नियंत्रण चालू केले, तर करपण्याचा प्रश्नच उरणार नाही ना?

रोधमापक

सांधा निर्दोष असेल तर बऱ्याच अंशी उरणार नाही. स्टीलचा रोध तापमानाबरोबर दर अंशामागे सुमारे ०.०९ टक्के वाढतो, आणि त्या वाढीवरून मॉड तापमान ताडतो. कॅन्थलचा रोध जवळपास बदलत नाही, म्हणून त्यावर ही सोय चालत नाही. पण हिशेब पाहा : ०.४ ओहमची स्टीलची कॉइल २०० अंशांनी तापली तर तिचा रोध केवळ ०.०७ ओहमने वाढतो. सांध्यात ०.०५ ओहमचा चढउतार असेल, तर मॉडला सुमारे १४० अंशांचा फरक पडल्याचा भास होतो. म्हणजे तापमान नियंत्रणाला स्वच्छ सांधा अधिकच लागतो. कॉइल खोलीच्या तापमानाला पूर्ण गार असतानाच मूळ रोध नोंदवून कुलूपबंद करावा; गरम कॉइलवर नोंदवला तर पुढचे प्रत्येक तापमान चुकते.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण उत्तर मिळाल्यावर धागा तसाच सोडून देणे मला बरे वाटले नाही.

जुना सेल त्याच दिवशी काढून टाकला आणि २५ अँपिअरचा नवा घेतला. मॉडची पिन साफ केल्यावर रोध ०.५० ते ०.५२ वर आला, पण तेथेच अडला. मग रोधमापक यांनी सांगितल्याप्रमाणे टाकीच्या तळातला, कॉइल बसते तो सांधा पाहिला. तेथे तपकिरी, राळेसारखा थर होता आणि तो काढायला चार काड्या लागल्या. त्यानंतर रोध ०.४१ दाखवतो आणि आजपर्यंत ०.४२ च्या वर गेलेला नाही. वॉट ४५ वर आहेत. पहिल्या दिवशी तेवढ्यावर आलेली वाफ पाहून, दोन महिने आपण काय ओढत होतो याची कल्पना आली. टाकीचा तळ आता केवळ कोमट होतो आणि सेल संध्याकाळपर्यंत पुरतो.

७० टक्क्यांच्या लिक्विडने गळती बरीच कमी झाली, पण पूर्ण थांबली नव्हती. तळाची रबरी कडी काढून पाहिली तेव्हा ती एका बाजूने चपटी झालेली दिसली. टाकीसोबत आलेल्या सुट्या कड्यांपैकी एक लिक्विडचे बोट फिरवून बसवल्यावर चार रात्री टेबल कोरडे आहे. सध्याची कॉइल आज सतराव्या दिवशीही चांगली चव देते. आता दर रविवारी सेल काढून दोन्ही पिना पुसतो आणि सेलचे आवरण उजेडात फिरवून पाहतो.

एकच शंका राहिली आहे. नव्या सेलचा जोडीदार म्हणून दुसरा सेल घेतला आहे आणि तो आळीपाळीने वापरणार आहे. न वापरता ठेवलेला सेल पूर्ण भरून ठेवावा का?

सेलरक्षक

एक-दोन दिवसांसाठी भरून ठेवला तरी चालतो. त्याहून जास्त काळ पडून राहणार असेल तर साधारण ३.७ व्होल्टवर, थंड आणि कोरड्या जागी, डबीत ठेवा. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत सेल सर्वांत लवकर जीर्ण होतो. भरताना बाहेरच्या चार्जरवर १ अँपिअरच्या आत भरा, झोपेत चार्जरवर सोडू नका, आणि बाहेरून गारठलेला सेल आणला असेल तर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, कारण शून्य अंशाखाली भरल्यास लिथियम धातूच्या रूपात आत साचतो आणि तो पुढे आतूनच शॉर्ट घडवू शकतो. दोन्ही सेलवर खरेदीचा महिना पेनाने लिहून ठेवा.